कपडे धुण्याच्या खोलीतला सण

मित्रांनो, मी एक जुनं घडीचं टेबल आहे आणि मला राग आला आहे. टेबलाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. माझ्या पाठीवर लोकांनी आजवर उकळती पातेली टेकवली, कंपासच्या टोकाने नावं कोरली, खालच्या बाजूला चघळलेलं च्युइंगगम चिकटवलं. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. पण गेल्या वर्षी माझ्यादेखत जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी माझी थोडी ओळख करून देतो. माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. वर प्लायवूडची फळी, तिच्यावर फिकट हिरवा सनमायका आणि खाली लोखंडी पाय. सुतार भारी चिकित्सक होता. त्याने माझ्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि टेबलाला जोरात टपली मारली. पाणी सांडलं नाही. "जा आता कामाला," तो म्हणाला. मी गेलो ते थेट परीक्षेच्या सभागृहात. तिथे पोरांनी माझ्यावर घाम गाळला. एकाने तर तीन तासांत एकही उत्तर न लिहिता माझ्या कोपऱ्यावर सुरेख घोडा काढला. देखरेखीच्या बाई एकदा म्हणाल्या, "हे टेबल बरं आहे, डुगडुगत नाही." तेवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं खुशीत काढली.

मग सभागृहात चकचकीत खुर्च्या आल्या, त्यांच्याच हाताला लिहायची फळी जोडलेली. आम्हा टेबलांची गरज संपली. मला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरात धाडलं. जिना चढवताना हमालांनी मला आपटलं आणि एका पायाची बिजागरी तुटली. ती कुणी बसवली नाही. पोरं माझ्यावर जेवताना आपोआप एका बाजूला कलून बसायला शिकली.

तिथे मला धाकटी भेटली. तिच्या भाषेतले दहा जण त्या वसतिगृहात होते, त्यांच्यात ती वयाने सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. पूल कसे बांधतात ते शिकायला ती घरापासून हजारो मैल आली होती. स्वयंपाकघर रिकामं झालं की हळूच यायची. ताटात वाढून घ्यायची, दोन घास खायची आणि फोनवर आईला सांगायची, "जेवले गं, पोटभर." उरलेलं ताट माझ्यावर तसंच असायचं. खोटं बोलताना तिचा हात माझ्या कडेवरून सारखा फिरायचा. एकदा हात फिरवता फिरवता थांबली. "हे टेबल किती डुगडुगतंय! इतक्या दिवसांत कुणाला दिसलं नाही?" असं म्हणून तिने पुठ्ठ्याची घडी करून माझ्या पायाखाली सारली. त्या दिवसापासून ती माझी झाली.

त्यांच्यातल्या थोरल्याला सगळे दादा म्हणायचे. संशोधन करता करता त्याला निम्मं टक्कल पडलं होतं. एके दिवशी धाकटी त्याला म्हणाली, "दादा, मी परत चाललेय. सणाच्या आधी घरी पोचेन."

"आणि पूल?"

"बांधेल दुसरं कुणीतरी."

दादाने बराच वेळ चहा ढवळला. "जा. पण सण झाल्यावर जा. आपण इथेच करू, घरच्यासारखा. नाही जमला, तर तुझी बॅग मी उचलतो."

तो सण म्हणजे त्यांच्या वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. महिनाभर आधी त्यांनी माझ्यावर बसून अर्ज लिहिला. तळमजल्यावरचं सभागृह दुपारपुरतं मिळावं, एवढीच मागणी. उत्तर आलं की सभागृह फक्त संस्थेच्या कार्यक्रमांसाठी आहे. मित्रांनो, इथल्या लोकांचा सण आला की त्याच सभागृहात व्यवस्थापक साहेब स्वतः शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावतात! तो मात्र संस्थेचा कार्यक्रम. असो. पोरांनी वाद घातला नाही. दुसरा अर्ज केला, निदान स्वयंपाकघर तरी द्या. त्याला मंजुरी मिळाली, सही-शिक्क्यासकट.

सणाच्या दिवशी सकाळी सहापासून स्वयंपाकघर नुसतं दणाणून गेलं. भात, दोन भाज्या, तळण आणि पातेलंभर गोड. दहा जण आणि दहा आयांच्या दहा पद्धती.

"आमच्याकडे यात वेलची घालत नाहीत."

"मग तुमच्याकडे जाऊन खा!"

धाकटी पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून पातेलं ढवळत होती. "अरे, खाली लागतंय, कुणीतरी गॅस बारीक करा!" असं ती ओरडली, तेव्हा मला कळलं की या मुलीला इतका मोठा आवाज आहे. वसतिगृहातल्या चाळीस जणांना, म्हणजे कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांना, तिने स्वतः दारोदार जाऊन बोलावलं होतं.

अकरा वाजता व्यवस्थापक साहेब आले. मागे पहारेकरी, त्याच्या हातात कुलूप.

"तक्रार आली आहे. वासाची," साहेब म्हणाले. "स्वयंपाकघर बारा वाजता बंद होईल."

दादाने मंजुरीचा कागद पुढे केला. साहेबांनी खिशातून दुसरा काढला. त्यावर लिहिलं होतं, 'सुरक्षेच्या कारणास्तव परवानगी रद्द करण्यात येत आहे.'

धाकटीने तो वाचला. "तुम्ही म्हणता वासाची तक्रार, आणि कागदावर लिहिता सुरक्षा. यातलं खरं कुठलं?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंदेखील नाही.

"चाळीस जणांचं जेवण तयार आहे, साहेब," दादा म्हणाला. "त्याचं काय करायचं?"

"आपापल्या खोलीत न्या. नाहीतर टाकून द्या." मग त्यांनी माझ्यावर बोट फिरवून धूळ पाहिली आणि जाता जाता म्हणाले, "हे टेबलही भंगारात काढायला झालंय."

टाकून द्या! सकाळी सहापासून ज्यात दहा जणांचे हात राबले, ते टाकून द्या! मला त्या क्षणी चारही पायांनी लाथ मारावीशी वाटली.

तेवढ्यात मावशी आल्या. त्या इथल्याच. तळघरातली कपडे धुण्याची खोली त्यांच्याकडे होती आणि त्या ओट्यावरची फडकी न्यायला वर यायच्या. मावशी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण पोरांनी तशी हाक मारली की ओ द्यायच्या. त्यांनी पातेली पाहिली, पोरांचे चेहरे पाहिले, पहारेकऱ्याच्या हातातलं कुलूप पाहिलं.

"माझी खोली मोठी आहे," त्या त्यांच्या भाषेत म्हणाल्या. "आज सुट्टीची निम्मीच मशीनं चालू आहेत. सगळं खाली आणा."

"मावशी, तुम्हाला बोलणी बसतील," दादा म्हणाला.

"बसू देत. बोलणी खाऊन कुणाचं पोट बिघडत नाही. आणा तुम्ही."

मग निघाली की वरात! पुढे पातेली, मागे ताटं आणि मधे मी. माझं डोकं दादाकडे, पाय धाकटीकडे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा मोडका पाय पार निखळून लोंबायला लागला. धाकटीने तो पोटाशी धरला आणि तशीच जिने उतरली.

तळघरात आठ यंत्रं होती, चार घरघरत होती. दोऱ्यांवर वसतिगृहाच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या. मावशींनी त्या बाजूला सरकवून मधे मोकळी जागा केली आणि माझ्या तुटक्या पायाच्या जागी साबणाच्या पावडरची दोन खोकी रचली. बंद यंत्रांवर ताटं मांडली गेली. चाळीस माणसं आली आणि एकही जण म्हणाला नाही की हे काय ठिकाण आहे.

धाकटीने घरी व्हिडिओ कॉल लावला.

"मागे काय घरघरतंय गं?" आईने विचारलं.

"पंखा आहे, आई. मोठं सभागृह मिळालंय ना."

"आणि त्या चादरी?"

"सजावट."

"सजावटीला उशीचे अभ्रे?"

मग आई हसायला लागली, धाकटी हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा मोकळी रडली. तिने आईला सगळं खरं सांगितलं, अर्ध्या टाकलेल्या ताटांसकट.

"रड, रड. पण आधी त्या बाईंना वाढ," आई म्हणाली. "आणि फोन दे त्यांच्याकडे."

आई आपल्या भाषेत बोलत होती, मावशी आपल्या. एकीचा शब्द दुसरीला कळत नव्हता. तरी पाच मिनिटं झाली, फोन ठेवायचं कुणी नाव घेईना. शेवटी मावशी डोळे पुसत पळी हातात घेऊन वाढायला उभ्या राहिल्या.

आवाज ऐकून संस्थेचे छायाचित्रकार जिना उतरून आले. त्यांनी पाच-पन्नास फोटो काढले, दोनदा गोड मागून घेतलं आणि गेले. संध्याकाळी भांडी घासताना धाकटी दादाला म्हणाली, "बॅग राहू दे."

गोष्ट इथे संपली असती, तर मी कशाला रागावलो असतो? तीन आठवड्यांनी सोमवारी मावशी कामावर आल्या नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्याच बाई आल्या. चौकशी केल्यावर कळलं, खोली अनधिकृत कामासाठी उघडल्याबद्दल मावशींना काढून टाकलं होतं. धाकटी आणि दादा दोनदा साहेबांच्या कचेरीत गेले. "विषय संपलेला आहे," एवढं उत्तर मिळालं. मला परत वर कुणी नेलं नव्हतं, मी तळघरातच होतो; धाकटी कपडे धुवायला आली की माझ्यावर हाताची मूठ आपटायची. मला लागायचं नाही. मला बरंच वाटायचं.

नव्या वर्षाचे विद्यार्थी आले. त्यांच्या स्वागताचा कार्यक्रम होता, सोबत आलेले पालकही होते. टेबलं कमी पडली म्हणून मला तळघरातून वर आणलं, पायाला तार गुंडाळली, वरून निळं कापड पांघरलं आणि सभागृहाच्या दाराशी उभं केलं. माझ्यावर संस्थेच्या माहितीपुस्तिकांची चळत रचली. मित्रांनो, मुखपृष्ठावर काय असावं? आमचाच सण! ती ताटं, ते हसरे चेहरे, मधोमध मी, आणि उजवीकडे पळी उगारून खळखळून हसणाऱ्या मावशी. माझा तुटका पाय आणि साबणाची खोकी कापून टाकली होती. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'इथे प्रत्येकाचा सण आमचा सण असतो.'

मला निळ्या कापडाखाली गुदमरल्यासारखं झालं.

धाकटीने एक पुस्तिका उचलली. मग आत जाऊन तिसऱ्या रांगेत बसली. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. साहेबांचं गोड भाषण झालं. "कुणाला काही विचारायचं आहे?" त्यांनी हसून विचारलं.

धाकटी उभी राहिली. "हा फोटो कुठल्या खोलीत काढलाय, साहेब?"

"आपल्या वसतिगृहात."

"कपडे धुण्याच्या खोलीत काढलाय. कारण त्या दिवशी स्वयंपाकघराला तुम्ही कुलूप लावलंत. हा तुमचा कागद." तेव्हापासून जपून ठेवलेला तो कागद तिने उंच धरला. "आणि या पळी घेतलेल्या बाई आता कुठे आहेत?"

"तो कार्यालयीन विषय आहे. नंतर बोलू."

"नंतर दोनदा बोललो, साहेब. ती खोली उघडली म्हणून तुम्ही त्यांना कामावरून काढलंत. दार उघडणं चूक असेल, तर हा फोटो त्या चुकीचा आहे. मग तो मुखपृष्ठावर कसा? आणि फोटो तुम्हाला मिरवायला हवा असेल, तर बाई घरी का?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, पुन्हा ठेवला. मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ, कुणा नव्या मुलीचे वडील, उठून म्हणाले, "उत्तर द्या ना. आम्हीही मुलीला इथे सोडून जाणार आहोत."

साहेब भाषणाचे कागद गोळा करू लागले. ते गृहस्थ चालत दारापर्यंत आले आणि त्यांनी आपली पुस्तिका माझ्यावर परत ठेवली, पालथी. त्यांच्यामागून एक आई आली. मग आणखी एक. एकेक करत माझ्यावर पुस्तिकांचा ढीग वाढत गेला. त्या ओझ्याखाली माझी तार करकरत होती, पण देवाशपथ सांगतो, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी मावशी कामावर परत आल्या. संस्थेच्या पत्रात 'पुनर्विचार' असा शब्द होता. 'आमची चूक झाली' हे तीन शब्द त्यांना काही केल्या सापडले नाहीत. ज्याने तक्रार केली तो कोण, ते आजतागायत कळलं नाही. तक्रार होती की नव्हती, हेही नाही. धाकटीला मात्र सभेत 'अयोग्य वर्तन' केल्याबद्दल ताकीद मिळाली. ती तिने आईला फोनवर वाचून दाखवली. "चौकटीत लाव," आई म्हणाली.

म्हणून मला राग आहे, मित्रांनो, आणि तो मी गिळणार नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या इमारतीत कुणी लांबून आलेलं असेल. त्याचा मोठा दिवस कधी असतो ते त्याला विचारा. त्याला जागा द्या, आणि दिलेली जागा ऐनवेळी काढून घेऊ नका. त्याच्या ताटाभोवतीचा फोटो मिरवायचा असेल, तर ते ताट मांडायला दार कुणी उघडलं, त्या माणसाला आधी सांभाळा. आणि असा अन्याय डोळ्यांसमोर होताना दिसला, तर तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसू नका. मी जन्मभर उभाच आहे, पण मला उठून उभं राहता येत नाही. तुम्हाला येतं.