फाटकापलीकडची गाडी

लिंडेनरोडा गावाच्या स्टेशनात आता फलाटाशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. लाल विटांची इमारत दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एकाने विकत घेतली होती. प्रतीक्षालयाला कुलूप, तिकीटखिडकीच्या जागी यंत्र. संडास बंद होऊन तर कित्येक वर्षं झाली होती. गरज पडली की रूळ ओलांडून बेकरीत जायचं आणि किल्ली मागायची.

रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी घेतल्यावर रोसविताला हे टळत नसे. आज किल्ली आधीच दुसऱ्या कुणाकडे होती, तिला थांबावं लागलं. ती बेकरीतून बाहेर आली तेव्हा रुळांवरचं फाटक पडलं होतं.

तिचा नवरा एवाल्ड खुबा मोडून जिल्ह्याच्या इस्पितळात पडला होता. नर्सच्या हातून तो घास घेत नसे. वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज तीच जाऊन भरवत असे; ही गाडी चुकली की त्याचं दुपारचं जेवण चुकलं.

गाडी आली, दारं उघडली. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. फाटकाशी उभ्या असलेल्यांपैकी आणखी दोघांना हीच गाडी हवी होती. तेही नुसते बघत राहिले. लिंडेनरोडात फाटकाखालून कुणी जात नाही.

शेजारी पावाची पिशवी घेऊन लोठार उभा होता, इथला शेवटचा स्टेशनमास्तर. आपल्या काळात अशा वेळी मिनिटभर गाडी थांबवत असू, असं तो पुटपुटला.

"तुझ्या काळात संडासही उघडा होता," रोसविता म्हणाली.

त्याने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "जा वाकून. मी दुसरीकडे बघतो."

तिने फाटकाच्या दांडीवर हात ठेवला. मागची बाई बाबागाडी धरून उभी होती.

"अहो, लहान मूल बघतंय," ती बाई म्हणाली.

रोसविताने हात काढून घेतला. गाडी गेली.

तिने इस्पितळात फोन लावला. आपल्याला उशीर होतोय, ताट तेवढं उचलू नका, एवढंच तिला सांगायचं होतं.

"अहो रोसविताबाई, जेवले ते," नर्स म्हणाली. "आज ताटं लवकर आली. मी भरवलं, त्यांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. तुम्ही समोर असलात की हट्ट करतात बघा."

फाटक वर गेलं. बाबागाडी पुढे गेली, बाकीचेही गेले.

"जेवला का?" लोठारने विचारलं.

"जेवला," ती म्हणाली, आणि रस्ता मोकळा असूनही तिथेच उभी राहिली.