उकळून पाहिलेला माल

सूनबाईच्या वागण्याला हल्ली काही ताळतंत्र राहिलं नव्हतं. सकाळी कारखान्यात पाऊल टाकलं की थेट मागच्या खोलीत शिरायचं आणि आतून कडी घालायची. जेवायला हाक मारली तर "तुम्ही बसा, मी येतेच" म्हणायचं आणि तासभर यायचं नाही. सासू दाराशी गेली की आतली खुडबुड थांबायची, जसा काही उंदीर मांजराची चाहूल घेतोय. पंधरा दिवस हेच चाललं होतं आणि पंधरा दिवस बाईंचं डोकं तापत होतं.

बाई म्हणजे सूनबाईची सासू, कारखान्याच्या मालकीण. तिसरीनंतर शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, सही करताना अजून जीभ दातांखाली धरायच्या. पण रबर त्यांना कळायचं तसं भल्याभल्यांना कळत नव्हतं. नवऱ्याच्या बरोबरीनं त्यांनी दोन प्रेसवर हा संसार उभा केला होता. नळाचे वायसर, बरणीच्या झाकणाच्या रिंगा, तान्ह्या पोरांच्या बाटलीची बोंडं. माल हातात आला की आधी नाकाशी न्यायचा, मग अंगठ्याचं नख रोवून बघायचं, की झाला निकाल. नवरा गेल्यावरही त्या नाकाच्या परवानगीशिवाय एक वायसर दाराबाहेर पडला नव्हता.

आणि आता त्याच नाकासमोर दार लावून घ्यायचं?

"आत काय शिजतंय हो?" त्यांनी तात्यांना विचारलं. तात्या प्रेसवर काम करत म्हातारे झालेले, नवऱ्याच्या वेळेपासूनचे.

"नवीन माल आहे, वहिनी."

"कसला?"

"मला नाही बुवा नक्की माहीत."

"मग कान कशानं लाल झाले तुमचे?"

"प्रेस तापलीय ना."

"प्रेस बंद आहे, तात्या."

बंदच होती. दोन महिने झाले, एक प्रेस थंड पडली होती आणि दुसरी आठवड्यातून चार दिवस चालायची. वायसरची गिऱ्हाइकं मोठ्या कंपन्यांनी ओढून नेली होती. "मी नवी ऑर्डर आणते," असं सूनबाईनं सांगितलं तेव्हा बाईंना बरंच वाटलं होतं. पोरगी शिकलेली, बोलण्यात चटपटीत. पण कसली ऑर्डर म्हटलं की "पक्की तर होऊ दे, आई." आज दुपारी तीन वाजता गिऱ्हाईक येणार होतं, नमुना पसंत करायला. आणि मालकिणीला नमुना माहीत नव्हता!

साडेबाराला सूनबाई फोन कानाला लावून अंगणात गेली, दार उघडं टाकून. बाई उठल्या. आपल्याच कारखान्यात चोरासारखं जायची वेळ आली, असं पुटपुटत आत शिरल्या.

टेबलावर एक पंचा पसरला होता आणि पंच्याखाली काहीतरी उंचवटे होते. बाईंनी पंचा उचलला.

आधी त्यांना वाटलं, कसल्यातरी यंत्राच्या मुठी आहेत. मग वाटलं, मोठ्या बाटल्यांची बुचं असावीत. सवयीनं एक उचललं, नाकाशी नेलं, अंगठ्याचं नख रोवलं. गुलाबी होतं. मऊ होतं. नखाखालून परत वर आलं. आणि मग बाईंच्या डोक्यात उजेड पडला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जिचं नावसुद्धा जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, ती वस्तू त्या भर दुपारी नाकाशी धरून उभ्या होत्या.

वस्तू टेबलावर पडली, दोनदा उसळली आणि थांबली. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"आई!" दारात सूनबाई. तिच्या हातात फोन तसाच, कोपरापर्यंत चढवलेले पिवळे हातमोजे तसेच. चेहऱ्यावरचा रंग मात्र उडालेला.

"हे काय आहे?"

"आई, मी सांगणारच होते."

"काय आहे ते मला कळलंय. तीन पोरं वाढवलीत मी. हे आपल्या कारखान्यात काय करतंय ते सांग."

"ऑर्डर आहे. बायकांसाठी."

"कसल्या बायकांसाठी?"

"बायकांसाठी, आई. आपल्यासारख्या."

"आपल्यासारख्या म्हणू नकोस!" बाईंचा आवाज पत्र्याला जाऊन आपटला. बाहेर तात्यांच्या हातातला पाना पडल्याचा आवाज आला. "माझ्या लेकाला माहीत आहे हे?"

सूनबाईनं खाली बघितलं. "साच्याचं चित्र त्यांनीच काढलंय."

"आणि तात्या?"

"साचे घासून त्यांनी दिले."

बाईंनी छातीवर हात ठेवला. म्हणजे लेकानं चित्र काढलं, म्हाताऱ्यानं घासलं, सुनेनं ओतलं, आणि आपण बाहेर बसून वायसर निवडत होतो. लाज कुठल्या गोष्टीची आधी वाटून घ्यावी हेच त्यांना कळेना. वस्तूची, की आपल्यापासून ती लपवल्याची.

बघायचं नाही असं ठरवून त्यांनी मान फिरवली. पण चाळीस वर्षांची खोड. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासली जात होती. बोटांना काहीतरी लागलं होतं.

"हे तेलकट कशानं?"

"तो मालच तसा असतो."

"कुठला माल?"

आता धंद्याचा प्रश्न आल्यावर सूनबाईला जरा धीर आला. तिनं पंचा पूर्ण काढला. नमुने तीन जातींचे होते. पांढरा चकचकीत, कडक प्लास्टिकचा. गुलाबी, जेलीसारख्या मऊ प्लास्टिकचा. आणि राखाडी, सिलिकॉनचा.

बाईंनी पदराच्या टोकात धरून पांढरा उचलला, एक डोळा मिटून. अंगठा कडेनं फिरवला. "दोन अर्धी जोडलीत. सांधा राहिलाय बघ, धारेसारखा. कुणाच्या अंगाला लागला म्हणजे..." आणि आपण काय बोलतोय हे कानावर पडताच त्या थबकल्या. पांढरा खाली गेला. "असो. तो राहू दे."

"तो नाहीच करायचा. हा करायचा, गुलाबी. वितळवला, ओतला, दहा मिनिटांत तयार. रंग हवा तो."

"याला वास येतोय. नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा. आणि खालचा कागद बघ." कागदावर तेलाचा डाग पसरला होता, वस्तूच्या आकाराचा. बाईंनी कागद चटकन उलटा केला. "राखाडी का नको?"

"सिलिकॉन आपल्याकडे होत नाही, आई. चार वेळा ओतलं, हा चौथा. आतून घट्ट होतं, वरून चिकटच राहतं. वाया गेलं सगळं. सिलिकॉनच्या डब्यांतच खोट असणार."

बाई उठल्या, कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, आच मोठी केली. पाण्याला आधण आल्यावर त्यांनी तोंड दुसरीकडे करून चिमट्यानं गुलाबी नमुना आत सोडला आणि त्याच्यासोबत कपाटातलं बाटलीचं एक जुनं बोंड, सिलिकॉनचं.

"आई, ते चहाचं पातेलं!"

"आता नाही. आता या पातेल्यातला चहा कोण घेईल?"

पाच मिनिटं दोघी पातेल्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग पाण्यावर तवंग आला. वास खोलीभर झाला. बाईंनी चिमट्यानं बोंड वर काढलं, होतं तसं होतं. मग गुलाबी काढला. तो धुरकट झाला होता, एका बाजूला कलला होता आणि चिमट्याला चिकटला होता.

"याला उकळून धुता येत नाही. आत बारीक भोकं असतात, मळ धरतो. तेल सोडतो ते वेगळंच. रिंगांसाठी आणला होता एकदा हा माल, तर यांनी परत पाठवला. म्हणाले, खायच्या पदार्थाला नको. आणि तू हा कुठं..." बाईंनी शब्द शोधला, सापडला नाही. "कुठं द्यायला निघालीस?"

"सगळे हाच वापरतात."

"वापरू देत."

"आणि खोक्यावर छापायचं, 'केवळ गमतीसाठी'. मग जबाबदारी आपली नाही." सूनबाईनं ओठांवरून जीभ फिरवली. "आणि आई, खरं सांगू? तक्रार कोण करणार आहे? वायसर गळला तर माणूस दुकानात जाऊन भांडतो. ही वस्तू घेऊन कुठली बाई भांडायला जाणार? खाज आली, जळजळ झाली, तर ती गप्प बसेल. डॉक्टरलासुद्धा नाही सांगणार."

सूनबाई हे सहज बोलून गेली, उद्याचा डबा काय करायचा हे सांगावं तसं.

पंचा उचलला तेव्हा बसला तो धक्का बाईंना आता पोरखेळ वाटला. त्या सुनेकडे बघत राहिल्या. हीच पोर, पहिल्या बाळंतपणात टाके चिघळले तेव्हा आठ दिवस दात आवळून पडून होती, लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी ताप डोक्यात गेला तेव्हा बाईंनीच तिला दवाखान्यात नेलं होतं. आणि तीच आज हिशेब मांडतेय, की बायका गप्प बसतात, तेव्हा माल कसाही चालेल.

तोंडात शिव्या भरून आल्या होत्या. पण तेवढ्यात त्यांची नजर सुनेच्या हातांवर गेली.

"सिलिकॉन ओतताना काय घातलं होतंस हातात?"

"हेच. हातमोजे. स्वच्छ राहावं म्हणून."

"आपण वापरतो त्याच रबराचे?"

"हो. दर वेळी धुऊन घालत होते."

"काढ. आधी काढ ते हातातून!" बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, रबर शिजवायला आपण गंधक घालतो. त्या गंधकाची नुसती हवा लागली तरी सिलिकॉन धरत नाही, वरून चिकट राहतं. सिलिकॉनच्या बोंडांची पहिली खेप अशीच वाया गेली होती, पोतं भरून. यांनी अन् मी रात्रंदिवस डोकं फोडलं होतं, तेव्हा कळलं. मग बोंडं माडीवर करायला लागलो, वेगळे साचे, वेगळं भांडं, उघडे हात साबणानं धुऊन. तू तर गंधकच हातात चढवून बसलीस! साचेही तात्यांनी रबराच्याच टेबलावर घासले असणार."

सूनबाईनं मोजे ओढून काढले. "मला कुणी सांगितलं नाही."

"विचारलंस कधी?"

तीन वाजायच्या आधीच गिऱ्हाईक आलं. बाईंनी मनात रंगवली होती कुणी नटवी, ओठ रंगवलेली. आली ती पिकल्या केसांची, गुडघा धरत पायरी चढणारी, गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेली बाई. बाईंच्याच वयाची. आधी नर्स होती म्हणे, आता दुकान चालवते.

"काय ठरलं?" तिनं बसता बसता विचारलं. "मऊ की सिलिकॉन?"

सूनबाईनं तोंड उघडलं. बाईंनी तिच्याआधी बोलून टाकलं.

"मऊ आम्ही करत नाही. उकळला की बिघडतो, तेल सोडतो. पातेलं दाखवू?"

नर्सबाईनं चष्मा चढवला, पातेल्यात डोकावली, चिमट्यानं कललेला नमुना फिरवून बघितला. "उकळला? तुम्ही?"

"मग कोण उकळणार?"

"सात कारखाने फिरले मी. सगळ्यांनी रंग दाखवले. उकळून कुणी दाखवला नाही." तिनं चिमटा ठेवला. "माझ्या गिऱ्हाइकांत निम्म्या तुमच्या-माझ्या वयाच्या आहेत, बरं का."

बाईंना ठसका लागला. पाणी पिऊनही जाईना. "असतील," त्या कशाबशा म्हणाल्या. "सिलिकॉन देऊ. पण नमुना आज नाही. पंधरा दिवस लागतील, माडी रिकामी करायचीय."

"पंधरा दिवस थांबते. सोळाव्या दिवशी चिकट नमुना दाखवलात तर दुसरीकडे जाईन. आणि सगळे छापतात तसं 'केवळ गमतीसाठी' लिहिलेलं खोकं मला नको. तसल्या खोक्यांतल्या मालानं बायकांना झालेली जळजळ मी वीस वर्षं दवाखान्यात पाहिलीय." ती गुडघा धरत उठली आणि गेली.

खोलीत दोघीच उरल्या. सूनबाईचे डोळे भरले होते, पण ओठांवर हसू फुटत होतं. ऑर्डर हातची गेली नव्हती. तिनं वाकून सासूच्या पायाला हात लावायला घेतला. बाईंनी पाय मागे घेतले.

"उठ. ही वस्तू बनवलीस म्हणून मी तुला बोलणार नाही. लाजेनं मरायचं असतं तर मघाशीच मेले असते. लपवलंस, तेही सोडलं. पण जिला ओरडता येणार नाही, तिच्याच पदरात नासका माल टाकायचा, हे तू शांत डोक्यानं ठरवलंस. स्वतः आठ दिवस तशीच पडून होतीस, तरी ठरवलंस. माल चांगला निघेल तेव्हा चारचौघांत तुझं कौतुक मीच करीन. पण ही एक गोष्ट मी तुला माफ केलेली नाही, आणि करणारही नाही. जा, साचे माडीवर ने."