पेटीतला गड

नव्वद सालची गोष्ट. दर गुरुवारी अंबरनाथ पूर्वेला पेटीमहाराजांच्या पत्र्याच्या शेडबाहेर बायकांची ही रांग! महाराज भगव्या फडक्यात गुंडाळलेली काळी पेटी एकेकीच्या डोळ्यांना लावायचे आणि आत थेट गड दिसायचा. डोंगरावरचा, लाल विटांचा, हात पुढे केला तर बुरुज लागेल असा.

"हरवलेले जीव इथंच असतात, माय! फडकं सोडू नका, वारा आत शिरंल!"

वारा शिरंल म्हणे.

शेजारच्या विठामावशीचा मुलगा आनंदा कामावर म्हणून गेला तो आलाच नाही. बुरुजावर निळ्या शर्टात पाठमोरा उभा आहे तो आनंदाच, असं ती म्हणायची. आठवडाभर कुणाशी बोलायची नाही. गुरुवारी मात्र नवं लुगडं.

त्यात तिला मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करा, नाहीतर डोळा जाईल. महाराज म्हणाले, "डोळ्याला सुरी लागली की दर्शन बंद."

"गडावर धुकं वाढलंय रे," मावशी म्हणाली. "अजून थोडे दिवस बघू दे त्याला."

धुकं! डोकंच फिरलं माझं. मी पण रांगेत बसलो, पेटी बघून घेतली. तशीच उल्हासनगरला खेळण्यांच्या दुकानात मिळाली. "इटली है साईं," दुकानदार म्हणाला. "खटका दबाओ, फोटो बदलेगा." आतल्या चकतीवर गावाचं नाव होतं. लायब्ररीत जाऊन वाचलं आणि मावशीकडे गेलो.

"उजेडाकडे धर. दिसला गड?"

"दिसला! महाराजांनी दिली तुला?"

"दुकानातून आणली. एकाच जागेचे दोन फोटो, जरा बाजूबाजूने काढलेले, एकेका डोळ्याला एकेक. डोकं ते जोडतं, म्हणून खरं वाटतं. महाराजांनी फडक्याखाली खटका लपवलाय. हा बघ. दाब."

खट्. गडाच्या दारात गोरी माणसं आइस्क्रीम खात होती.

"इटलीतला किल्ला आहे हा. सातशे वर्षांपूर्वी एका सरदारानं शेजारच्या शहरावर नजर ठेवायला बांधला. पुढे तुरुंग झाला..."

"तुरुंग? आनंदाला कोंडलंय?"

"नाही गं मावशी. आता लोक तिकीट काढून बघतात. तो निळा शर्टवाला पण बघायलाच आलेला कुणीतरी."

तिनं पेटी मांडीवर ठेवली.

"मग माझा आनंदा कुठंय?"

"माहीत नाही, मावशी."

"महाराज असं कधी म्हणाले नाहीत."

"म्हणून तर सांगतोय."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. दवाखान्यात तिच्याजवळ मी एकटाच होतो. पट्टी काढल्यावर तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "किती बारीक झालास रे," म्हणाली, आणि मग रडली.

लोकहो, ज्याच्याकडे प्रत्येक दुःखाला उत्तर तयार असतं, त्याच्या हाती डोळे देऊ नका. 'माहीत नाही' ऐकायला जड जातं. तरी ऐका.