कडू राख

मंगळवारी सकाळी आठच्या आतच कड्यावरच्या मठापासून खाली पोलादपूरच्या रस्त्यापर्यंत रांग लागे. डोंगरवाड्यांतल्या बाया पोरांना पाठुंगळी घेऊन येत, मुंबईत नोकरीला असलेले मुलगे म्हाताऱ्या आईबापांचा दंड धरून येत. रांगेतल्या बहुतेकांचे दुखणे एकच होते : फेफरे.

धुनीपाशी कड्यावरच्या देवीचा भगत हैबतीबाबा बसलेला असे. त्याच्या तोंडाचा पट्टा क्षणभर थांबत नसे.

“डाक्तर सुई टोचतो, आई माया लावते! डाक्तर कागूद देतो, आई राख देते! रोजची एक चिमूट, तोंड धुवायच्या आधी. एक दिवस खंड पडला तर आई उलटंल. मंग माझ्या दारात रडत येऊ नका!” मग तो जुन्या भक्तांपैकी कोणाला तरी पुढे ओढी आणि त्याचा ओठ अंगठ्याने वर करी. “बघा रे, आईनं दातांवर पदर घातलाय!”

आणि खरोखरच त्या माणसाच्या हिरड्या फुगून निम्म्या दातांवर उतरलेल्या असत. गर्दीचे हात आपोआप जोडले जात.

रांगेच्या कडेला, खिशातली डायरी उघडून, गंगाधर सर उभे होते. सर महाडचे, पोलादपूर तालुक्यातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. लिंबातून रक्त काढणारा एक मांत्रिक आणि जिभेवर कापूर जाळणारा दुसरा, असे दोघे त्यांनी आजवर उघडे पाडले होते. पदराबद्दल त्यांनी डायरीत लिहिले, “तोंडाची अस्वच्छता.” एक गोष्ट मात्र त्यांना छळत होती. त्यांच्या नववीच्या वर्गातल्या समीक्षाला आठवड्यातून दोनदा फिट येई. राख सुरू केल्यापासून आठ महिन्यांत एकही आली नव्हती. सरांनी त्यापुढे “योगायोग” लिहिले आणि शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

त्याच मंगळवारी हैबतीने समीक्षाच्या आईला, तुळसाला, फर्मावले, “पाडव्यापासून पोरीची शाळा बंद. आईनं तिला सेवेला मागून घेतलीय. मठावरच राहील.”

सरांची घाई तिथून सुरू झाली.

रविवारी ते वाडीत गेले. तुळसा अंगणात कुळीथ पाखडत होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. घरचे बाहेरचे बघायला दीर सुनील, तो जीप चालवी.

“सर, ऱ्हाऊ द्या हो,” तुळसा हात जोडून म्हणाली. “पोरगी बरी हाय. आईला कशाला डिवचायचा?”

“तुळसाताई, राखेने दुखणे बरे होत नाही. मग राख थांबली तर दुखणे वाढेल कसे?”

विधान तर्काला धरून होते. फक्त त्याचा पाया कोणी तपासला नव्हता.

उंबऱ्यात बसलेल्या समीक्षाने जांभई दिली. हल्ली तिला फार झोप येई. “सर, तुम्हीच सांगता ना, आधी बघायचं, मंग बोलायचं? तुम्ही राख बघितलीत?”

“राख ती राख. तीत बघायचे काय?”

“आणि पोरीला काय झाला तर?” सुनीलने विचारले.

“तर मी हैबतीच्या पायावर डोके ठेवीन.”

ओढ्यात मार्चचे घोटाभर पाणी उरले होते. तुळसाने अखेर घरातल्या राखेच्या पुड्या आणून दिल्या. सरांनी त्या एकेक करून सोडल्या आणि पाण्यात उपरण्यासारखी पांढरी रेघ वाहत गेली. तुळसाने डोळे मिटून घेतले होते.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी समीक्षाच्या हाताला कंप होता. परीक्षेची भीती असेल, असे सरांनी मानले.

गुरुवारी दुसऱ्या तासाला ती बाकावरून खाली कोसळली. सरांनी बाक बाजूला सारले, तिला कुशीवर वळवले, घड्याळ पाहिले. दोन मिनिटांत झटके थांबले. पण ती शुद्धीवर आली नाही. सात मिनिटांनी पुन्हा झटके आले. मग तिसऱ्यांदा. ओठ निळे पडत चालले. सरांना घड्याळाचा काटा दिसेनासा झाला.

बातमी बाजारातून वाऱ्यासारखी पसरली. तुळसा पदर सावरायचे विसरून धावत आली, आणि तिच्या मागोमाग मठावरची पंधरावीस माणसे. वर्गाच्या दारात हैबती उभा राहिला. मुठीत राख होती. ओढ्यात सोडलेल्या पुड्या आणि सरांची पैज, दोन्ही गोष्टी मठापर्यंत पोचल्या होत्या.

“मास्तर, आई उलटली! आता डोकं कधी ठेवताय?”

“सर, पोर जातेय हो!” तुळसाने त्यांचे दोन्ही दंड धरून हलवले. “काय केलात तुम्ही? का टाकलीत राख?”

आपल्या हातून मूल मरते आहे ही भीती सरांना होतीच. पण तिच्याहून खोल एक दुसरी भीती होती, आणि तीही त्यांनी पुढे कोणापासून लपवली नाही. क्षणभर त्यांना वाटले, कड्यावर कोणीतरी आहे. ती रागावली आहे. आणि तिला मी डिवचले.

हैबतीने खाली वाकून राखेची चिमूट समीक्षाच्या तोंडाशी नेली. तिचे जबडे घट्ट मिटलेले, तोंडाला फेस. सरांनी त्याचे मनगट पकडले.

“बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका! श्वासात जाईल! सुनील, जीप आण!”

“मेली तर तुमच्या डोक्यावर, मास्तर!”

“माझ्याच डोक्यावर आहे,” सर म्हणाले.

महाडपर्यंतच्या वाटेत तिला आणखी दोनदा झटके आले. तुळसा जीपमध्ये रडत नव्हती. मुलीच्या छातीवर हात ठेवून ती नुसते श्वास मोजत होती. वीस मार्च असल्याने गावात शिरताच निळ्या झेंड्यांची गर्दी लागली. चवदार तळ्याकडे लोटलेली माणसे रस्ता भरून चालली होती. सुनीलने हॉर्नवर हात दाबून धरला. टोपीवर निळी पट्टी बांधलेल्या एका माणसाने जीपमध्ये डोकावून पाहिले आणि तो मागे वळून ओरडला, “पेशंट हाय रे! पोरगी हाय! बाजूला व्हा!” हाक पुढे पुढे सरकत गेली आणि गर्दी मधोमध दुभंगली.

महाडच्या रुग्णालयात डॉक्टर विनीताने शिरेतून इंजेक्शन दिले. पाच मिनिटांनी दुसरे. झटके थांबले. मुलीच्या छातीची लय सावकाश सुधारली, तेव्हा डॉक्टरने मान वर केली.

“कोणते औषध चालू होते?”

“कोणतेही नाही,” सर म्हणाले. “फक्त राख. ती मी रविवारी बंद केली.”

“राख बंद केल्याने असे होत नाही, सर.” तिने टॉर्च लावून समीक्षाचा ओठ वर केला आणि बराच वेळ पाहिले. “या हिरड्या कोणी पाहिल्या नाहीत?”

“सगळ्यांनी. त्याला आईचा पदर म्हणतात.”

“मी त्याला फेनिटॉइनचा पदर म्हणते. ते फिटवरचे जुने औषध आहे. महिनोन् महिने घेतले की काहींच्या हिरड्या अशा वाढतात. तीन वर्षे मुंबईच्या एका रुग्णालयात मी फिटवरच्या नव्या औषधांच्या चाचण्यांत काम केले. दर आठवड्याला रुग्णाचे रक्त, झोप, तोल, हिरड्या, सगळे नोंदवायचे. तिथे सर्वांत कडक नियम एकच होता. नवे औषध कितीही गुणकारी असो, जुने एका दिवसात काढायचे नाही. पायरीपायरीने उतरवायचे. एकदम काढले, की दाबून ठेवलेला आजार उसळून येतो. असा.” तिने खाटेकडे बोट केले. “त्या राखेतली थोडी मिळाली असती तर...”

सरांच्या डोळ्यांपुढे ओढ्यातली पांढरी रेघ आली.

तुळसाने कंबरेची गाठ सोडली. आत एक पुडी होती.

“सर, रागवू नका. मी एक लपवून ठेवलेली. म्हटला, आई उलटलीच तर...”

सरांनी पुडी उघडली, बोटाचे टोक लावले आणि जिभेला टेकवले. राख कडूजहर होती. चुलीची राख खारट लागते हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते.

“कडू आहे.”

“पयल्यापासून कडूच हाय,” तुळसा म्हणाली. “बाबा सांगतो, आईचा राग कडू असतो.”

अकराव्या दिवशी मुंबईच्या प्रयोगशाळेचे पत्र आले. पुडीत फेनिटॉइन होते आणि फेनोबार्बिटोन होते. दोन्ही फिटवरची औषधे. समीक्षाच्या रक्तातही दोन्हींचा अंश सापडला.

पुढच्या मंगळवारी मठावर पोलीस आणि तालुक्याचे आरोग्य अधिकारी गेले. धुनीमागच्या खोलीत दगडी खल सापडला, लेबले खरवडलेले गोळ्यांचे डबे सापडले, वस्त्रगाळ राखेचे पिंप सापडले. चौदा वर्षे हैबती मुंबईत औषधांच्या गोदामात हमाल होता.

रांग होती तशीच उभी होती. हैबती मात्र अजून हरला नव्हता.

“असंल औषध! मंग काय? माणसं बरी झाली की नाय?”

रांगेतल्या चारदोन माना हलल्या. प्रश्न खोटा नव्हता.

“झाली,” डॉक्टर विनीता म्हणाली. “औषधाने झाली. पण तुझ्या एका चिमटीत औषध किती, हे तुला तरी ठाऊक आहे? कोणाला निम्मे जाते, कोणाला तिप्पट. त्या पायरीवरचा मुलगा झोकांड्या खातो, ती देवीची झिंग नाही, जास्त झालेले औषध आहे. आणि ज्याची पुडी चुकली, त्याला आलेले झटके हा आईचा कोप नाही, तुटलेले औषध आहे. तू त्यांना औषध नाव लपवून दिलेस आणि भीती मात्र नाव घेऊन दिलीस.”

गंगाधर सर धुनीपाशी आले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला नाही.

“मी पैज हरलो आहे. राख तपासली नाही, आणि ती नुसती राख आहे असे छातीठोक सांगितले. बाबाने तुम्हांला न बघता विश्वास ठेवायला शिकवले; मी न बघता अविश्वास ठेवायला सांगितले. पोर जीव वाचून घरी आली ती तुळसाताईंच्या नशिबाने नाही, माझ्या शहाणपणाने तर नाहीच. वेळेवर मिळालेल्या इंजेक्शनाने. डोके ठेवायचेच तर मी तुळसाताईंच्या पायावर ठेवीन. आमच्यात पुरावा जपून ठेवणाऱ्या त्या एकट्याच होत्या.”

“अहो सर, काय बोलता!” तुळसा दोन पावले मागे सरली. रांगेत हसू फुटले.

तेवढ्यात काशीराम नावाचा एक तापट गडी पुढे घुसला. त्याची बायको दोन वर्षे राख घेत होती. “फसवलंन रे आम्हांला!” त्याने पिशवीतल्या पुड्यांचा गठ्ठा बाहेर काढला. “जाळा ही राख! सगळ्यांनी धुनीत टाका!”

दहा हात कनवटीकडे गेले.

“थांबा!”

सर एवढ्या मोठ्याने ओरडले, की पोलीसही दचकला. सरांना एक नव्हे, साठ समीक्षा जमिनीवर दिसत होत्या.

“टाकू नका! एकही पुडी टाकू नका! मी टाकली, आणि काय झाले ते तुम्ही पाहिले. काशीराम, मागे घे हात. पाया पडतो तुझ्या.”

काशीरामचा हात धुनीवर अधांतरी राहिला. मग हळूच मागे आला.

“उद्या सकाळी सगळे महाडला डॉक्टरांकडे चला,” सर म्हणाले. “पुड्या बरोबर घ्या. डॉक्टर तुम्हांला मोजलेले औषध देतील आणि ही राख पायरीपायरीने सोडवतील. नाव विचारा, किती घ्यायचे ते विचारा, न घेतले तर काय होते तेही विचारा. मी सांगतो म्हणून ऐकू नका. मलाही विचारा : सर, तुम्ही बघितलेत का? माझ्या नववीतल्या मुलीने विचारले होते. मी तेव्हाच राख बघितली असती, तर तिला मरणाच्या दारातून यावे लागले नसते.”

मग रांगेतली प्रयागबाई काठी टेकत पुढे आली. तिच्या तळहातावर दुसऱ्या दिवसाची पुडी होती.

“मास्तर, येवढा सांगा. उद्या पहाटं ही घ्यायची की नाय?”

सरांनी विनीताकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली. बाबाच्या मठात, बाबाच्या धुनीपुढे उभे राहून गंगाधर सरांनी आयुष्यातले सर्वांत अवघड उत्तर दिले.

“घ्या, आजी. उद्याची घ्या. आणि पहिल्या गाडीने महाडला या.”