सव्विसावं नाव

पितांबर सपकाळे मूळचा नशिराबादचा. जळगावच्या एका बियाणे कंपनीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा. कंपनीचं मुख्य ऑफिस जळगावला आणि शाखा धुळ्याला. दोन्हीकडची माणसं एकाच वेब प्रोग्राममध्ये मागण्या भरायची. तो प्रोग्राम पितांबरच्या आधीच्या माणसाने बांधलेला, आणि चांगला चालत होता. पण दोन ऑफिसांनी एकमेकांशी बोलायचं म्हटलं, की एसटीडी लावायचा किंवा एसटीच्या कंडक्टरजवळ पाकीट द्यायचं.

१९९९ च्या फेब्रुवारीत मालकांचे चिरंजीव निर्मलकुमार यांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. निरोप, तक्रारींची फाइल, कोण कधी दौऱ्यावर, सगळं त्यात. प्रत्येक ऑफिसात त्याची एक प्रत राहायची आणि रोज बारा वाजता व पाच वाजता फोनलाइनवरून दोन्ही प्रती जुळायच्या. जुना वेब प्रोग्राम काढायचा नव्हता, नव्याला जोडायचा होता. म्हणून पितांबरने जुन्यातली नावांची यादी उचलून नव्यात टाकली. एकाच यादीने दोन्हीकडचं दार उघडायचं.

सॉफ्टवेअरचे परवाने माणशी एक असे पंचवीस घेतले होते, कारण माणसं पंचवीस मोजली होती. यादीत नावं सव्वीस निघाली.

जास्तीचं नाव रुपचंद याचं. आडनाव नाही, विभाग नाही. पितांबरने सव्विसावा परवाना तात्पुरता मागवून घेतला आणि प्रत्येकासाठी एकेक फ्लॉपी तयार केली. पहिल्यांदा आत जायला ती लागायची; फ्लॉपी घेऊन वहीत सही करायची. जळगावच्या तेरा जणांनी सह्या केल्या. रवानगी बघणाऱ्या मंदाबाईंना त्याने विचारलं, "अक्का, रुपचंद कोण?"

"ते होय? ते धुळ्याला बसतात," मंदाबाई म्हणाल्या. "रवानगीच्या चिठ्ठीवर सूचना टाकतात. फार नीट काम आहे हं त्यांचं."

दुसऱ्या दिवशी पितांबर एसटीने धुळ्याला गेला. शाखेचे प्रमुख देवचंदनाना. बारा जणांनी फ्लॉप्या घेतल्या, एक उरली.

"रुपचंद?" नाना म्हणाले. "अरे, तो तिकडे तुमच्याकडे असतो ना, जळगावला. पाच-सहा वर्षं झाली असतील."

"नाना, मंदाअक्का म्हणतात इकडे असतात."

नाना हसले. मग त्यांनी मागे वळून ऑफिसभर विचारलं, रुपचंदला पाहिलंय का कोणी. टाइप करणारी बाई म्हणाली, फोनवर बोलले असेन बहुतेक. शिपाई म्हणाला, जळगावला गेलो तेव्हा ते नुकतेच चहाला गेले होते. तेवढ्यात नानांचं हसू गेलं. ते म्हणाले, "आम्ही आजवर दोन्हीकडचे एका जागी बसलोच कुठे? कोण कुणाला पाहणार?"

उरलेली फ्लॉपी पितांबरने पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि बॅगेत ठेवलं.

मंगळवारी तो जळगावला सर्व्हरसमोर बसला होता. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. आत आलेल्यांची यादी पडद्यावर होती. तिच्यात एक नाव वाढलं. रुपचंद. पितांबरने बॅग ओढली, पाकीट काढलं. ते चिकटवलेलंच होतं. उजेडात धरलं तर आत फ्लॉपीचा चौकोन दिसत होता. त्या फ्लॉपीशिवाय कुणाला आत जाता येणं शक्य नव्हतं. कुठल्या मशीनवरून आला, या रकान्यात काहीच नव्हतं.

 पितांबरने लगेच धुळ्याला फोन लावला. नाना म्हणाले, "इथे सगळे आपापल्या जागेवर आहेत. का रे?"

तो माणूस काय करतो, हे बघायचं पितांबरने ठरवलं. रुपचंद फक्त काम करायचा. औषध लावलेलं बियाणं खेड्यांकडे निघालं, की रवानगीच्या चिठ्ठीवर शेवटच्या मोकळ्या ओळीत त्याची सूचना उमटायची, तीही अहिराणीत: 'या बियाले इखारी औषध लायेल शे. दयू नका, खाऊ नका. धान्यपाशी ठेवू नका. ज्यासले वाचता येत नही त्यासले वाची दाखाडा.' म्हणजे बियाण्याला विषारी औषध लावलंय; ते दळू नका, खाऊ नका. पिशवीवर इशारा होताच, पण तो बारीक इंग्रजीत. पितांबरने मागच्या चिठ्ठ्या काढल्या. सहा वर्षांत एकही रवानगी सूचनेशिवाय गेली नव्हती. आणि वेब प्रोग्रामला तर दोनच वर्षं झाली होती. त्याआधीच्या चिठ्ठ्या टाइपरायटरवरच्या होत्या. सूचना त्यांच्यावरही होती, त्याच शब्दांत, खाली तेच नाव.

त्याने निर्मलकुमारांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"ज्याला कोणी बघितलं नाही, त्याला परवाना कशाला?" ते म्हणाले. "कोणीतरी दुसऱ्याच्या नावाने आत शिरतोय. काढून टाका."

पितांबरला हे पटलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं. रोज अकरा दहाला ते नाव वर यायचं, आणि त्याला वाटायचं, मागे वळून बघावं. एप्रिलच्या शेवटी त्याने जळगावच्या प्रतीतून नाव काढलं, फोन करून धुळ्याच्या प्रतीतूनही काढायला लावलं. जुन्या वेब प्रोग्रामचं दारही आपोआप बंद झालं. बारा वाजता प्रती जुळल्या. पंचवीस नावं. सूचनेची ओळ आता आपण टाकायची, असं त्याने मंदाबाईंना सांगायचं ठरवलं होतं. मे महिन्यात मागण्यांची झुंबड उडाली, आणि ते राहून गेलं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात देवचंदनानांचा फोन आला. साक्रीच्या पलीकडच्या एका खेड्यात दोन लेकरं आजारी होती. आई झुंबरबाई. मक्याच्या पेरणीतून उरेल असं वाटलेलं बियाणं तिने दळलं होतं. लेकरांनी भाकरी खाल्ली आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात आणलं होतं.

पितांबर पहिल्या गाडीने निघाला. माल विकणारे एजंट तोताराम दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते. त्यांनी डोकं वर केलं नाही. "दर खेपेला चिठ्ठी यायची, भाऊ. मी वाचून दाखवायचो. या खेपेला ओळ कोरी होती. मला वाटलं, आता औषध लावत नसतील."

पितांबर पायऱ्या चढून आत गेला. दोन्ही लेकरं झोपली होती. मुलगी मोठी, मुलगा तीन-चार वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, थोडं खाल्लं म्हणून वाचली, दोन दिवसांत घरी जातील. झुंबरबाई मुलाचे पाय धरून बसली होती. पितांबरने कंपनीचं नाव सांगितलं आणि मान खाली घातली. ती ओरडेल, असं त्याला वाटलं होतं.

"तुमना एक मानूस काल यी गया ना," ती म्हणाली.

"कोण?"

"नाव नही सांगं त्यानी. बराच येळ बठना. चिठ्ठी आनेल व्हती, ती बठ्ठी वाची दाखाडी. दोनदा वाची." ती थांबली. "वाचता वाचता रडना तो."

"दिसायला कसा होता, बाई?"

झुंबरबाईने आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या. मग तिने पोरीकडे पाहिलं, जणू तिला माहीत असेल. "तोंड ध्यानमा नही ऱ्हायनं," ती हळूच म्हणाली. "इथंच तर बठेल व्हता."

तिने पलंगाच्या कडेला हात दाखवला. तिथे चादर दबलेली होती. पितांबर उभाच राहिला. बसायची त्याची हिंमत झाली नाही.

तो तसाच शाखेत गेला. दुपार होती, पंखे फिरत होते, नाना त्याच्या चेहऱ्याकडे बघून उठले. त्याने निर्मलकुमारांना न विचारता नाव पुन्हा घातलं. बॅगेतलं पाकीट फोडून फ्लॉपी काढली आणि ती कुणालाही न देता रिकाम्या टेबलावर ठेवली. मग पाच वाजेपर्यंत तो आणि नाना मशीनसमोर बसून राहिले. 

पाच वाजता प्रती जुळल्या. तक्रारींच्या फाइलीत एक नवी नोंद आली. नोंदवणारा रुपचंद. तारीख कालची. काल ते नाव दोन्हीकडे नव्हतं.

'सूचना न गेल्याने दोन लेकरं आजारी. जबाबदार कोण, ते लिहावं.'

उत्तराचा रकाना रिकामा होता. नानांनी हात पुढे केला, "राहू दे पितांबर, उद्या बघू." पण पितांबरने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. त्याने लिहिलं: 'नाव मी काढलं. ओळ कोरी गेली ती माझ्यामुळे. दर रवानगीच्या आधी आता मी स्वतः तपासीन. पितांबर सपकाळे.'

त्याने ते जतन केलं. नोंदीसमोर तक्रार मिटल्याची खूण लगेच उमटली. ती पितांबरने केली नव्हती, आणि नानांनीही नाही.

निर्मलकुमारांना त्याने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी सव्विसाव्या परवान्याच्या कागदावर सही केली आणि तो त्याच्याकडे सरकवला. पितांबर दवाखान्यात आणखी दोनदा गेला. तिसऱ्या दिवशी लेकरं घरी निघाली, तेव्हा त्याने धाकट्याला एसटीत उचलून चढवलं. मुलगा त्याच्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी बघून हात हलवत राहिला.