मडगार्डाला मोरीचं तेल

लवूचं लग्न मोडलं ते मांजरांमुळे. हे आता सांगून झालंय, तर लगेच विसरून जावं. लग्न मोडलेलं नाही, मांजरं मासळी बाजारात आपापल्या कामावर आहेत, आणि लवू सर्जेकोटच्या बंदरावर, माडाला टेकवलेल्या आपल्या मोटारसायकलीकडे बघत उभा आहे. साल दोन हजार सहा. गाडीला काही म्हणजे काही झालेलं नाही, फक्त ती म्हातारी दिसतेय.

इंजिन ठणठणीत होतं. टाकी लाल होती ती लालच राहिली होती. पण गाडीवर जे जे काळं प्लास्टिक होतं, पुढचं मडगार्ड, बाजूची कव्हरं, आरशांच्या पाठी, ते सगळं ऊन आणि खारा वारा खाऊन पांढुरकं पडलं होतं. लांबून बघावं तर रव्यात घोळवून तळायला ठेवल्यासारखी गाडी. सर्जेकोटात याला कोणी दोष मानत नाही. तिथे माणसंही अशीच होतात.

पण लवूला आरोहीशी लग्न करायचं होतं, आणि आरोहीचे वडील दत्ताराम ओरोसला राहत. दत्ताराम मूळचे किनाऱ्यावरचेच. पुढे सरकारी कचेरीत चिकटले, क्वार्टर मिळालं, गळ्यात माळ घातली आणि मासळी सोडली. कचेरी कसली हे त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नसे, पण तिथे ते अभिप्राय लिहीत. हात असा बसला होता की घरी भाजीवरही अभिप्राय देत. आधी सांगून आलेला एक मुलगा त्यांनी नुसती गाडी बघून परत पाठवला होता. "काळा भाग भुरा पडलेला. देखभाल नाही. शिफारस करता येत नाही."

"बाबा माणसाक बघनत नाय, गाडी बघतत," आरोही लवूला मालवणच्या एसटी स्टँडवर सांगत होती.

"आणि तू काय बघतंस?"

"मी तुज्या आवशीन धाडलेलो डबो बघतंय."

लवूच्या आईच्या डब्यात बांगडा होता. आरोही तो स्टँडवरच खाई, वर मूठभर बडीशेप चावून ओरोसची गाडी पकडी. हे वडिलांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होऊन चालणार नव्हतं.

मग ठरलं. दत्ताराम सोमवारी घर बघायला येणार. मालवणला एसटीतून उतरणार, आणि पुढे लवूनं त्यांना गाडीवरून घरी न्यायचं.

लवू कामाला लागला. आधी खोबरेल लावलं. संध्याकाळपर्यंत बंदरावरची निम्मी वाळू मडगार्डावर राहायला आली. मग बूटपॉलिश लावलं. रंग फक्कड आला, तो पोस्टमनच्या पँटला लागून गावभर गेला. मग वाडीतल्या भाईकाकांचा केसांचा कलप चोरून लावला. प्लास्टिक होतं तसंच राहिलं, भाईकाका मात्र गणपतीपर्यंत पांढरे फिरले. शेवटी तो मेकॅनिक सुदेशकडे गेला.

"नवो पार्ट मागवूक होयो," सुदेश म्हणाला.

"मग मागव."

"मागवलेलो आसा."

"माज्यासाठी?"

"नाय रे. गेल्या वर्सा, दुसऱ्यासाठी. तो इलो काय मगे तुजो मागवया."

हे सगळं लवूचा बाप गुणाजी जाळं सांधता सांधता बघत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "होडयेक काय लावतंव आमी?"

होडीला मोरीचं तेल लावतात. मोरी म्हणजे शार्क. मासा मोठा, त्याचं काळीज त्याहून मोठं. ते उकळून निघालेलं तेल लाकडाला पाजलं की खारं पाणी लाकडाचं काही वाकडं करू शकत नाही.

"ह्यां प्लास्टिक आसा," लवू म्हणाला.

"खाऱ्या वाऱ्याक म्हायत आसा तां?"

लवूनं चिंधी बुडवली आणि तेल लावलं. प्लास्टिक ते असं प्यायलं की जन्मभर त्याचीच वाट बघत होतं. पुसून बाजूला झाला तर कावळ्यानं लाजावं असं काळं. बोट फिरवलं तर बोट कोरडं.

लवू काही मूर्ख नव्हता. त्याला वासाची शंका आलीच. त्यानं आईला बोलावलं. काशीबाईनं मडगार्डाला नाक लावलं. "कसलो वास? काय एक नाय." शेजारची हौसाबाई बाजारातून येत होती. तिनं डोक्यावरची मासळीची टोपली उतरवली, वाकून हुंगलं आणि विचार करून म्हणाली, "वास म्हणशी तर माका रबराचो येता." लवूनं वाडीत आणखी कुणाकुणाला विचारलं. सगळ्यांनी देवाशपथ नाही सांगितलं. सर्जेकोटात खोटं बोलणारं कोणी नव्हतं, आणि वास येणारंही.

सोमवारी दत्ताराम उतरले. पांढरा शर्ट, छत्री, गळ्यात माळ. नमस्कार घ्यायच्या आधी त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, मडगार्डावर बोट ओढलं, बोट बघितलं.

"नवी घेतलंस काय रे?"

"नाय काकानू. जुनीच आसा. सांभाळलंय."

"काळो भाग बरो राखलंस."

हा अभिप्राय होता. लवूला एकदम लग्नाचा मांडव दिसला, आणि त्या आनंदात त्यानं आयुष्यातली सर्वांत महागडी गोष्ट केली. "काकानू, च्या घेवया?" म्हणाला. दोघं समोरच्या हॉटेलात बसले आणि गाडी उन्हात. मासळी बाजार तिथून हाकेच्या अंतरावर.

बाहेर आले तर मांजरं होती. एक टाकीवर, दोन-तीन मडगार्ड चाटण्यात गर्क, आणि एक जाडा बोका मागच्या सीटवर बसलेला, दत्तारामांसाठी जागा धरून ठेवल्यासारखा. लवूनं "जा गो, जा," केलं. त्यांनी त्याला ओळख दाखवली नाही.

दत्तारामांचं नाक हललं. "ह्यो वास कसलो?"

"खंयचो वास, काकानू?" लवूनं अगदी मनापासून विचारलं.

दत्तारामांनी त्याच्याकडे बघितलं आणि मालवणी सोडली. "तुम्हाला येत नाही?"

लवूनं वाकून मडगार्ड हुंगलं. एका मांजरानं सरकून जागा दिली. "नाही," तोही कचेरीच्या मराठीत म्हणाला. येतो, धुऊन टाकतो, असं म्हणाला असता तर वाचला असता. पण खरंच येत नव्हता.

"घरात कुणाला येतो?"

"नाही."

"मग त्या घरात माझी मुलगी राहणार कशी? तिनं जन्मात मासळीला हात लावलेला नाही."

लवूच्या डोळ्यांपुढे बांगडा आला, डोक्यासकट. बोलावं तर आरोहीचं घर बंद, न बोलावं तर आपलं. म्हणायचं ते सीटवरचा बोका म्हणाला.

"काही म्हणणं असेल तर लेखी द्या," दत्ताराम म्हणाले आणि आले त्याच एसटीनं परत गेले. घरी काशीबाई काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे करून वाट बघत होती.

मग लवूनं गाडी साबणानं धुतली, रॉकेलनं धुतली, चिंचेनं घासली. काळं इतकंसं हललं नाही. एवढी काळी गाडी जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि तिला घ्यायला स्टँडवर मांजरं वेळेवर हजर.

"धू मां ती," आरोही म्हणाली. मांडीवर डबा, पायाशी मांजरं.

"काळां जाणा नाय."

"मगे?"

"लेखी दी म्हणान सांगलानी."

आरोहीनं काट्यातला शेवटचा घास काढून घेतला, काटा मांजराला दिला आणि लिंबानं बोटं चोळली. वडिलांची भाषा तिला पाठ होती. ती सांगत गेली, लवू लिहीत गेला.

"मा. दत्ताराम यांचे सेवेशी. अर्जदाराच्या वाहनाचा काळा भाग आपण समक्ष पाहून समाधानकारक असल्याचा तोंडी अभिप्राय दिलेला आहे. वासाबाबत अर्जदार, त्याचे कुटुंबीय व समस्त वाडी यांस काहीही कळविता येत नाही. तरी विवाहाचे प्रकरण पुनश्च विचारात घेऊन, सदर कार्य पार पडेपर्यंत, व शक्य झाल्यास त्यानंतरही, आपले नाक तात्पुरते स्थगित ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती."