फुले तोडू नका

जुन्या फोटोंत मला झोपड्या सापडतील असं वाटलं होतं. सापडली ती बागच.

परदेशात नगररचना शिकून परतल्यापासून मी एकच ध्यास घेतला होता. नदीकाठची ही बाग माणसं उठवून केली आहे, हे फोटोंचं प्रदर्शन भरवून सगळ्या शहराला दाखवायचं. 'ही जागा कोणाची?' असं नावही ठरलं होतं. म्हणून फोटो स्टुडिओवाल्या काकांच्या माळ्यावरचा जुन्या फोटोंचा डबा उतरवला, तर पुलावरून टेकडीच्या दिशेने काढलेल्या प्रत्येक फोटोत बाग होतीच. तीच झाडं, तेच बाक, एक लोखंडी झोका. फक्त सगळं नदीच्या उजव्या हाताला. आज बाग डावीकडे आहे. उजवीकडे आमची घरं आहेत.

"काका, उलटे छापलेत हे."

"एवढं शिकून आलीस, आणि पाटी वाचता येईना?" काका हसले.

बागेतल्या पाटीवर 'फुले तोडू नका' सरळ, स्वच्छ उमटलं होतं. आणि पलीकडच्या, डाव्या काठावर, आज बाग आहे तिथे, घरांच्या रांगेत, आमच्याच घराची गोल खिडकी.

घरी आले तेव्हा आई अंगणात कपडे वाळत घालत होती. दोरी दोन लोखंडी खांबांना बांधलेली. जन्मापासून पाहत आलेले खांब, पण त्यांच्या माथ्यावरच्या कड्यांकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"आई, हे खांब कशाचे गं?"

"दोरीचे. आणखी कशाचे?" दोरीखालच्या खळग्यात ती पायाने माती लोटत होती. "कितीही भर घाल, मेला पुन्हा पडतोच."

मुलांचे पाय घासून झोक्याखाली पडतो, तसा तो खळगा होता.

बाबांनी फोटो पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"आपण इथे कधी राहायला आलो, बाबा?"

"आलो कुठे? आपण इथलेच." मग फोटो माझ्या हातात देत म्हणाले, "लाव प्रदर्शनात हवं तर. पण मग आपण कुठे जायचं, बयो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गेले. आईने बुजवलेला खळगा पुन्हा पडला होता आणि तळाची माती ताजी, ओली होती. फोटो लावायचेच, हे मी तिथे उभ्या उभ्या ठरवलं. दोरी सोडून गुंडाळली, अंगणाचं फाटक सताड उघडलं, आणि शाळा सुटल्यावर मुलांना वाट द्यावी तशी बाजूला झाले.